विश्लेषण : अनुदान संपल्यावर बांध कोण राखणार? आल्डो लिओपोल्ड यांचा ९० वर्षांपूर्वीचा प्रयोग काय सांगतो?

सरकारने पैसा दिला, तज्ज्ञ दिले, मजूरही दिले. शेतकऱ्यांनी पाच वर्षांचा करार केला. माती अडली, पाणी मुरले, पक्षी परतू लागले. पण करार संपल्यानंतर काय? अमेरिकेतील वनाधिकारी आणि वन्यजीव शास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांची आयुष्यातील शेवटची पंधरा वर्षे याच प्रश्नाभोवती गेली. माती, पाणी आणि वन्यजीव यांचा एकत्र विचार करणारा पाणलोट विकासाचा एक मोठा प्रयोग त्यांनी जवळून पाहिला. त्याचे यश त्यांनी मांडले आणि पुढे त्यातील उणीवही तितक्याच स्पष्टपणे लिहिली. त्यांच्या आयुष्याचा आणि या प्रयोगाचा हा आढावा.

कोण होते आल्डो लिओपोल्ड?

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. हे गाव मिसिसिपी नदीच्या काठावर आहे. जर्मन वंशाचे हे कुटुंब खाऊनपिऊन सुखी होते. वडील कार्ल यांचा लाकडी टेबले बनवण्याचा कारखाना होता. कार्ल यांना शिकारीचा नाद होता, पण बदकांची संख्या घटते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी वसंतातली, म्हणजे विणीच्या हंगामाच्या तोंडावरची शिकार स्वतःहून बंद केली. तेव्हा तसा कायदा नव्हता. वडिलांमागे पाणथळ जागी फिरताना आल्डो यांना पक्षी ओळखण्याची आणि दिसेल ते वहीत टिपून ठेवण्याची सवय लागली. ती शेवटपर्यंत टिकली.

अमेरिकेचे वनखाते १९०५ मध्ये स्थापन झाले. वनशास्त्र हा तेव्हा नवा पेशा होता. लिओपोल्ड यांनी येल विद्यापीठातून १९०९ मध्ये वनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते वनखात्यात रुजू झाले. पहिली नेमणूक अॅरिझोनात मिळाली. त्या प्रदेशाला अजून राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. पुढे ते शेजारच्या न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनाचे प्रमुख झाले. १९१२ मध्ये सँटा फे येथील एस्टेला बर्जेर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एस्टेला यांचे घराणे मेंढपाळीच्या मोठ्या व्यवसायातले होते.

१९१३ मध्ये कामानिमित्त फिरताना ते वादळात सापडले. अनेक दिवस भिजल्याने मूत्रपिंडाचा विकार बळावला आणि ते मरता मरता वाचले. बरे होण्यात वर्षाहून अधिक काळ गेला. त्यानंतर घोड्यावरची फिरती कमी झाली आणि लेखन, संघटन व आखणीचे काम वाढले.

लांडगे मारणारा अधिकारी कसा बदलला?

सुरुवातीचे लिओपोल्ड आजच्या अर्थाने वन्यजीवप्रेमी नव्हते. हरणे वाढायची तर लांडगे, प्यूमा संपले पाहिजेत, हे त्या काळातील बहुतेक वनाधिकाऱ्यांचे मत होते आणि त्यांचेही तेच होते. न्यू मेक्सिकोत त्यांनी शिकारी आणि पशुपालक यांना एकत्र आणून वन्यप्राणी संरक्षणाच्या संघटना उभ्या केल्या. शिकारीचे नियम पाळले जावेत हा त्यामागचा एक उद्देश होता. हिंस्र प्राण्यांचा नायनाट हाही त्याच कार्यक्रमाचा भाग होता आणि त्यासाठी लिओपोल्ड यांनी जोरकस लेखन केले.

१९०९ मध्ये अॅरिझोनाच्या डोंगरात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका लांडगीला गोळ्या घातल्या होत्या. या प्रसंगावर त्यांनी लिहिले ते तब्बल ३५ वर्षांनी, १९४४ मध्ये. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणे बेसुमार वाढतात, कोवळी झाडे आणि झुडपे खाऊन फस्त करतात, डोंगर उघडा पडतो आणि पावसाबरोबर माती वाहून जाते, ही साखळी त्यांना मधल्या काळात उमगली होती. एक दुवा काढला की परिणाम थेट मातीपर्यंत पोहोचतो, हा त्यांच्या पुढील सगळ्या कामाचा पाया ठरला.

दक्षिण-पश्चिमेतील खोऱ्यांची पाहणी करताना अतिचराईमुळे खचलेले ओढे आणि वाहून गेलेली शेते त्यांनी पाहिली. वनाधिकारी झाडे मोजत होता आणि कृषी अधिकारी पीक, पण दोघांच्या पायाखालची माती कोणाच्याच खात्यात येत नव्हती.

सरकारी जंगल राखले, खासगी जमिनीचे काय?

न्यू मेक्सिकोतील गिला खोऱ्याचा मोठा भाग रस्ते आणि बांधकामापासून मुक्त ठेवावा, असा प्रस्ताव लिओपोल्ड यांनी मांडला. जून १९२४ मध्ये वनखात्याने तो मान्य केला. सरकारी पातळीवर राखून ठेवलेले हे अमेरिकेतील पहिले निर्जन वनक्षेत्र मानले जाते. हा प्रदेश मुळात अपाची लोकांचा होता आणि त्यांना तेथून आधीच हुसकावण्यात आले होते, ही या कहाणीची दुसरी बाजू आहे. माणसांना वगळून जंगल राखण्याच्या अमेरिकी कल्पनेवर भारतीय इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मधील एका गाजलेल्या लेखात टीका केली होती. भारतासारख्या देशात असे संरक्षण गरिबांच्या मुळावर येते, हा त्यांचा मुद्दा होता.

लिओपोल्ड यांचे पुढचे आयुष्य मात्र माणसांनी गजबजलेल्या शेतजमिनीवर गेले. १९२४ मध्येच त्यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे वनउत्पादन प्रयोगशाळेत झाली. तेथे मन रमले नाही. १९२८ मध्ये त्यांनी वनखाते सोडले. बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संस्थेने त्यांना मध्य-पश्चिमेतील राज्यांमध्ये शिकारीयोग्य प्राणी-पक्ष्यांची स्थिती तपासण्याचे काम दिले.

राज्याराज्यांतून फिरताना त्यांना दिसले की, या भागातील बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. सरकारने कितीही अभयारण्ये राखली, तरी तित्तिर, लावा, ससे यांचे भवितव्य शेताच्या बांधावरच ठरणार होते. बांधावरची झुडपे तोडली, पाणथळ जागा बुजवली, शेवटच्या फुटापर्यंत नांगर घातला की पक्ष्यांना आसरा उरत नाही. शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीवर कायद्याने किती बांधणार? आणि झुडपे राखून त्याला काय मिळणार? या पाहणीचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३३ मध्ये त्यांचे वन्यजीव व्यवस्थापनावरील पाठ्यपुस्तक आले आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले पद. ते कृषी अर्थशास्त्र विभागात होते आणि शेतकऱ्यांशी बोलण्यासाठी ही जागा सोयीची ठरली.

रायलीच्या शेतकऱ्यांशी कोणता सौदा झाला?

पहिला प्रयोग छोटा होता. मॅडिसनजवळ रायली नावाची वस्ती आहे. तेथील शेतकरी न विचारता शेतात घुसणाऱ्या शिकाऱ्यांमुळे त्रस्त होते. कुंपण तुटायचे, जनावरे बिथरायची. दुसरीकडे लिओपोल्ड आणि त्यांच्या शहरी मित्रांना शिकारीसाठी हक्काची जागा हवी होती. १९३१ मध्ये दोघांनी मिळून एक सहकारी गट स्थापन केला.

अटी सोप्या होत्या. शेतकऱ्यांनी बांधावरची झुडपे आणि पाणथळीतील गवत राखायचे. शहरातील सदस्यांनी पैसे, हिवाळ्यात पक्ष्यांसाठी दाणा आणि लागवडीची रोपे पुरवायची. शिकार दोघांनीही करायची, पण मोजून. बाहेरच्याने परवानगीशिवाय यायचे नाही. दरवर्षी पक्ष्यांची गणना व्हायची आणि पुढे लिओपोल्ड यांचे विद्यार्थीही येथे अभ्यासासाठी येऊ लागले.

या गटाला सरकारी अनुदान नव्हते. तो अनेक वर्षे चालला. कारण, पक्षी वाढल्यावर दोन्ही बाजूंना काहीतरी मिळत होते आणि सर्वजण एकमेकांना नावाने ओळखत होते. पण हेच सूत्र एका अख्ख्या खोऱ्याला लागू करता येईल का, हे कळायला रायली अपुरे होते. ती संधी दोनच वर्षांत आली.

कून व्हॅलीची जमीन का वाहून जात होती?

विस्कॉन्सिनच्या नैऋत्य भागात उंच-सखल टेकड्या आणि अरुंद दऱ्या आहेत. हिमयुगातील हिमनद्यांनी आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट केला, पण हा टापू त्यातून सुटला. त्यामुळे उतार तीव्र राहिले. त्यावर वाऱ्याने वाहून आणलेली बारीक, सुपीक माती. कून क्रीक हा ओढा येथूनच वाहत मिसिसिपीला मिळतो. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर येथे युरोपातून, विशेषतः नॉर्वेतून आलेली कुटुंबे वसली. आधी त्यांनी गहू पिकवला, नंतर दुधाचा धंदा धरला. शेते आखली ती चौकोनी. टेकडीचा उतार कोणत्या दिशेला आहे हे न पाहता नांगर सरळ चालवला जाई. अनेक ठिकाणी तास वरून खाली जात. पावसाचे पाणी त्याच तासांतून खाली धावे. उतारावरच्या जंगलात गायी चरत. त्यांच्या खुरांनी जमीन घट्ट झाली, नवी रोपे उगवेनाशी झाली. पाणी मुरायचे थांबले.

मग मोठा पाऊस आला की घळी पडायच्या. काही घळी इतक्या खोल की जनावर आत पडले तर दिसू नये. वरची माती खाली येऊन दरीतली चांगली शेते, रस्ते, कुंपणे गाडून टाकायची. एकेकाळी थंड पाण्याचा आणि ट्राउट माशांचा असलेला ओढा पावसाळ्यात गढूळ पुराचा आणि एरवी गाळाचा झाला. माती, पाणी आणि मासे ही तीन वेगवेगळी संकटे दिसत असली तरी कारण एकच होते.

१९३३ मध्ये नेमके काय केले गेले?

अमेरिका तेव्हा महामंदीत होती आणि दुष्काळामुळे मध्यवर्ती मैदानी प्रदेशात धुळीची वादळे सुरू झाली होती. जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असे अनेक वर्षे सांगणारे मृदा शास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट यांच्याकडे १९३३ मध्ये नव्या मृदा धूप सेवेची सूत्रे आली. देशात प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी त्यांनी जे पहिले पाणलोट क्षेत्र निवडले ते कून व्हॅलीचे. लिओपोल्ड यांनी या प्रकल्पाला वन्यजीव विषयाचा सल्ला दिला. त्यांचे दोन मुलगे, स्टार्कर आणि लुना, यांनीही येथे काम केले.

प्रकल्पाचे वेगळेपण दोन गोष्टींत होते. पहिली, सगळे तज्ज्ञ एकाच नकाशावर काम करत होते. याआधी शेतकऱ्याकडे एक अधिकारी येऊन जंगल वाढवा सांगे, दुसरा पीक वाढवा सांगे, तिसरा पाणथळ जागेतील पाणी काढून टाका सांगे. येथे मृदातज्ज्ञ, अभियंता, कृषी, वन आणि वन्यजीव तज्ज्ञ यांनी मिळून प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा केला.

दुसरी, आराखडा शेतकऱ्याशी बसून ठरत असे आणि करारावर त्याची सही लागे. पाच वर्षांचा करार होता. सरकारने बियाणे, चुना, कुंपणाची तार आणि तांत्रिक मदत द्यायची. बेरोजगार तरुणांसाठी उभारलेल्या सरकारी छावण्यांमधून मजूर मिळायचे. शेतकऱ्याने जमीन, काही कष्ट आणि ठरल्याप्रमाणे पीकपद्धती पाळण्याची हमी द्यायची. सक्ती नव्हती. तरीही ४०० हून अधिक शेतकरी सहभागी झाले.

कामे अशी होती :

- तीव्र उतारावरून पिके आणि गायी पूर्ण हटवायच्या. तेथे कुंपण घालून फक्त झाडे आणि वन्यजीव वाढू द्यायचे. थोडक्यात चराईबंदी.

- मध्यम उतारावर नांगरणी आणि पेरणी उताराला आडवी करायची. मका, ओट आणि लसूणघासासारखा चारा यांचे आलटूनपालटून पट्टे ठेवायचे. मक्याच्या उघड्या पट्ट्यातून सुटलेली माती खालचा गवताचा पट्टा अडवतो.

- गरज तेथे मजगी आणि बांध, घळींमध्ये छोटे अडथळे, ओढ्याच्या काठांना आधार.

- कुरणावरचा भार कमी करण्यासाठी सपाट जागी चांगला चारा पिकवायचा.

- बांधावर आणि घळींच्या तोंडाशी झुडपे लावायची, हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा ठेवायचा.

यातले प्रत्येक काम दुसऱ्याला पूरक होते. उतारावर झाडे आली की पाणी मुरते, ओढा बारमाही होतो, मासे टिकतात. झुडपांनी माती धरली की लाव्यांना घर मिळते. चारा सपाटीवर मिळाला तरच शेतकरी गायी उतारावरून खाली आणेल, हे गणितही त्यात होते. १९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी या प्रकल्पावर लेख लिहिला आणि सहकारातून होणाऱ्या संवर्धनाचे साहस असे त्याचे वर्णन केले. तेव्हा त्यांचा सूर आशेचा होता.

पाच वर्षांनंतर काय झाले?

हिशेब दोन प्रकारे मांडता येतो. पहिला मातीचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९३० च्या दशकाशी तुलना करण्यात आली. या खोऱ्यातील धूप किमान तीन चतुर्थांशाने घटल्याचे त्यात आढळले. टेकड्यांना वळसा घालणारे पिकांचे पट्टे ही या भागाची ओळख बनली. ओढ्यात ट्राउट परतले. या अर्थाने प्रकल्प यशस्वी झाला.

दुसरा हिशेब लिओपोल्ड यांनी स्वतः मांडला. १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमधील मृदसंधारणाकडे मागे वळून पाहताना त्यांना असे दिसले की, करार संपल्यावर शेतकऱ्यांनी ज्या कामांतून स्वतःचा लगेच फायदा दिसत होता तेवढीच चालू ठेवली. चाऱ्याची लागवड टिकली, कारण दूध वाढले. उतारावरचे जंगल राखणे, पाणथळ जागा न बुजवणे, पक्ष्यांसाठी झुडपे ठेवणे ही कामे मागे पडली. त्यांचा फायदा खालच्या गावाला किंवा पुढच्या पिढीला होणार होता. आजच्या मालकाच्या खिशात त्यातून काही येत नव्हते.

मध्यंतरी कायद्याचाही प्रयोग झाला. केंद्र सरकारने सुचवलेल्या नमुन्यानुसार विस्कॉन्सिनने १९३७ मध्ये मृदसंधारण जिल्ह्यांचा कायदा केला. सरकार फुकट तांत्रिक सेवा देईल, यंत्रे भाड्याने देईल. जमीन कशी वापरायची याचे नियम मात्र शेतकऱ्यांनीच मिळून ठरवायचे आणि मग ते कायद्याइतकेच बंधनकारक होतील. कागदावर हे लोकशाहीचे उत्तम उदाहरण होते. जिल्हे झटपट स्थापन झाले, मदतही घेतली गेली. पण जवळपास दहा वर्षांनीही एकाही जिल्ह्याने स्वतःवर एकही नियम घालून घेतला नव्हता.

लिओपोल्ड यांनी दोष केवळ शेतकऱ्यांना दिला नाही. संवर्धन म्हणजे तुमचाच फायदा, असे सांगत प्रचार केला तर लोक फायद्यापुरतेच संवर्धन करणार, असे त्यांचे निदान होते. प्रशिक्षणात आणि अनुदानात जबाबदारीचा शब्दच कोणी उच्चारला नव्हता. शेजाऱ्याला फसवू नये असे आपण मानतो, पण उतारावरची माती शेजाऱ्याच्या ओढ्यात सोडण्यात काही गैर आहे असे मानत नाही. समाज या शब्दात माती, पाणी, झाडे आणि प्राणीही यायला हवेत, असा विचार त्यांनी पुढे मांडला. तोच आज भूमीची नीती म्हणून ओळखला जातो. तो अनेकदा निव्वळ तत्त्वज्ञान म्हणून वाचला जातो. प्रत्यक्षात त्यामागे शेताशेतांवरचा हा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

हरणांच्या वादात ते एकटे का पडले?

लोकांना सोबत घेणे म्हणजे लोकांना आवडेल तेच सांगणे नव्हे, याचा प्रत्यय त्यांना १९४० च्या दशकात आला. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये मोठ्या जंगलतोडीनंतर कोवळी झाडी वाढली होती. लांडगे जवळपास संपले होते आणि मादी हरणांच्या शिकारीवर बंदी होती. हरणांची संख्या जंगलाच्या क्षमतेपलीकडे गेली. कडक हिवाळ्यात ती भुकेने मरू लागली आणि जिवंत राहण्यासाठी जंगलाची नवी पिढी खाऊ लागली.

लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची समिती नेमण्यात आली. सदस्यांनी बर्फात जाऊन उपाशी हरणे पाहिली. माद्या आणि पाडसांची संख्या कमी करावी, असा निष्कर्ष निघाला. १९४३ मध्ये लिओपोल्ड राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी अशी शिकार खुली झाली. सव्वा लाखांहून अधिक हरणे मारली गेली. लोक खवळले. हरणे वाचवा म्हणून स्वतंत्र वृत्तपत्र निघाले आणि त्यात लिओपोल्ड यांना लक्ष्य करण्यात आले. पुढील वर्षांत माद्यांच्या शिकारीला पुन्हा लगाम बसला. विज्ञान त्यांच्या बाजूने असले तरी समितीतील मूठभर लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले ते बाकीच्या राज्याने पाहिले नव्हते. मृत्यूपर्यंत ते आयोगावर राहिले आणि हा वाद त्यांना जिंकता आला नाही.

स्वतःच्या जमिनीवर त्यांनी काय केले?

इतरांना सांगायचे ते आधी करून पाहावे, या सरळ हिशेबाने लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये बॅराबू गावाजवळ विस्कॉन्सिन नदीकाठची ८० एकर जमीन घेतली. वाळूट, पिकांनी पिळून काढलेली आणि मालकाने सोडून दिलेली. राहते घर जळून गेले होते. शिल्लक होते ते शेणाने भरलेले एक खुराडे. आई-वडील आणि पाच मुलांनी ते साफ करून राहण्याजोगे केले. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या तेथेच जाऊ लागल्या.

१९३६ च्या वसंतात कुटुंबाने हजारो पाईन रोपे लावली. त्या उन्हाळ्याच्या दुष्काळात बहुतेक जळाली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली आणि मग दरवर्षी. वाळूट माळाचे हळूहळू जंगल झाले. याच काळात मॅडिसनमध्ये विद्यापीठाच्या वनोद्यानात जुन्या शेतावर मूळचा गवताळ माळ पुन्हा उभा करण्याच्या कामातही ते होते. शेतकऱ्यांच्या नियतकालिकासाठी त्यांनी छोटे, कामाचे लेख लिहिले आणि विद्यापीठाच्या रेडिओवरून भाषणे दिली.

जुनी वहीची सवय येथे उपयोगी पडली. पहिले फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी आला, नदीवरचा बर्फ कधी फुटला याच्या तारखा त्यांनी नोंदवल्या. त्यांची मुलगी नीना यांनी पुढे त्याच जागी तशाच नोंदी ठेवल्या. दोन्हींची तुलना करणारा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंताच्या अनेक खुणा पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागल्याचे त्यात स्पष्ट झाले आणि हवामान बदलाच्या अभ्यासाला एका शेतावरच्या नोंदींचा आधार मिळाला.

लिओपोल्ड यांच्या मृत्यूनंतर काय घडले?

शेतावरच्या आणि एकूण अनुभवावरच्या लेखांचे पुस्तक काही प्रकाशकांनी नाकारले होते. १४ एप्रिल १९४८ रोजी ते स्वीकारल्याचा निरोप आला. त्यानंतर आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागलेली कुटुंबाला दिसली. ती विझवायला गेलेल्या लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेथेच त्यांचे निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते. मुलगा लुना यांनी हस्तलिखिताची अखेरची कामे पाहिली आणि १९४९ मध्ये ‘अ सँड कौंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले. सुरुवातीला खप बेताचाच होता. १९७० च्या सुमारास स्वस्त आवृत्ती आली आणि पर्यावरण चळवळीच्या लाटेत ते घरोघरी पोहोचले. आतापर्यंत त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. लुना पुढे नामवंत जलशास्त्रज्ञ झाले. स्टार्कर, लुना आणि धाकटी एस्टेला ही तिन्ही भावंडे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडली गेली.

१९६० च्या दशकात शेजारच्या जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्रित नियोजनाखाली आणून लिओपोल्ड यांच्या नावाने राखीव क्षेत्र केले. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमधून जवळपास नाहीसे झालेले सँडहिल क्रौंच आज शरद ऋतूत हजारोंच्या संख्येने या नदीकाठी उतरतात. बेनेट यांची मृदा सेवा वेगळ्या नावाने आजही काम करते आणि देशभरात सुमारे ३,००० मृद व जलसंधारण जिल्हे आहेत.

आज कून व्हॅलीत काय स्थिती आहे?

ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस या भागात अतिवृष्टी झाली. कून क्रीक आणि शेजारच्या खोऱ्यातील मिळून पाच धरणे फुटली. ही धरणे १९३३ च्या प्रकल्पातील नव्हती, ती नंतरच्या दशकांत पूरनियंत्रणासाठी बांधली गेली होती. ती पुन्हा उभारण्याचा खर्च मिळणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष सरकारी अभ्यासात निघाला. दरम्यान, छोटे दुग्ध व्यावसायिक कमी झाले तशी चाऱ्याची गरज घटली आणि उताराला आडवे असलेले गवताचे पट्टेही अनेक ठिकाणी मोडले गेले. फायदा संपला की काम थांबते, हे लिओपोल्ड यांचे निरीक्षण येथे पुन्हा एकदा खरे ठरताना दिसते.

पुरानंतर खोऱ्यातील शेतकरी आणि रहिवाशांनी एकत्र येऊन कून क्रीकची स्वतःची पाणलोट परिषद स्थापन केली. वरच्या उतारावर पाणी कसे मुरवायचे, कोणत्या शेतात वर्षभर जमीन झाकलेली ठेवता येईल, यावर तेथे चर्चा होते आणि सरकारी तंत्रज्ञही त्यात असतात. १९३३ मध्ये प्रस्ताव सरकारकडून शेतकऱ्यांकडे आला होता. यावेळी पहिले पाऊल खोऱ्यातील लोकांनी उचलले आहे आणि पाच वर्षांचा कोणताही करार त्यामागे नाही.